पुरलेलं पाणी

शनिवार, दुपार

प्रिय दादा,

सकाळी वहिनी येऊन गेली. डबा आणला, धुतलेले कपडे आणले आणि तू पाठवलेली संत्री आणली. ती तूच पाठवलीस हे मी न विचारताच तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. तुझा गुडघा दुखतो, ऑफिसात माणूस नाही, गाडी गॅरेजला आहे, अशी कारणंही तिने ओळीने सांगितली आणि सांगताना बिचारी माझ्याकडे न बघता खिडकीच्या पडद्याशी बोलत होती. तिचा काय दोष? तू फोन उचलत नाहीस, दवाखान्याची पायरी चढत नाहीस, मग म्हटलं कागदावर लिहावं. संध्याकाळी ती डबा न्यायला येईल तेव्हा तिच्याच हाती देते. तिला पत्र वाचायचं नाही म्हणून बजावलंय, तरी ती वाचेल, वाचू दे.

आधी तब्येतीचं. पायांच्या पट्ट्या आता दिवसाआड बदलतात. डाव्या पायाची नखं गेली, ती येतील म्हणतात. ओठ भरत आलेत, हसलं की फुटतात, पण इथे हसण्यासारखं फारसं काही घडत नाही म्हणून बरं. आमची सिस्टर पट्टी काढताना माझ्यावरच डाफरते, जणू मी मुद्दाम निखाऱ्यावर चालून आलेय. पलीकडच्या खाटेवर पित्ताशय काढलेल्या एक शिक्षिका आहेत. त्या रोज जेवण झालं की कुशीवर वळतात आणि मला तोच प्रश्न विचारतात, की बाई, त्या माणसाला तुम्ही परत कशाला आणलंत? सिस्टर विचारते, फरशी पुसणारी मावशी विचारते, जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानेही वही मिटल्यावर हळूच विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देते. दमलेय रे दादा. अंग दमतं ते झोपेने जातं, हे तसं नाही. सकाळी डोळे उघडले की वाटतं, अजून कालचाच दिवस चाललाय.

काल सरकारी वकीलबाई आल्या होत्या. सोमवारी कोर्टात पहिली तारीख आहे. पाहुण्याचा वकील काय म्हणणार ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं, म्हणजे तिथे मला धक्का बसायला नको. तो म्हणणार की बाईंचा हात खाली आला. बस, एवढंच. मग बाकी सगळं आपोआप माझ्या गळ्यात पडतं. वकीलबाईंना हे समजावता समजावता माझी दुपार गेली. त्यांना म्हटलं, आमच्या धंद्यात शिकारीला येणाऱ्याला आम्ही पाहुणा म्हणतो. बंदूक पाहुण्याची, पण कुठल्या जनावरावर आणि कधी, ते वाटाड्या ठरवतो. पाहुणा नेम धरून बसतो, वाटाड्याचा हात वर असतो, आणि तो हात खाली आल्याशिवाय चाप ओढायचा नाही. परवान्यावर हेच लिहिलेलं असतं. म्हणजे हात खाली आला असेल तर गोळी त्याची आणि मरण माझ्या नावावर. वकीलबाई म्हणाल्या, तिथे तिसरं कोणी नव्हतं का? होता की. तोच तर मेला.

तुला पाहुणा आठवतच असेल. उंच, पांढऱ्या कल्ल्यांचा, ऑफिसात आल्या आल्या ज्याने तुझ्या गुडघ्याची चौकशी केली. तो गेल्यावर तू म्हणालास, माणूस सभ्य आहे. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू? त्याने आपल्या धंद्यातला भागीदार बरोबर आणला होता. गोलमटोल गृहस्थ, बंदूक हातात धरायलाही घाबरणारा, खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. वाळवंट त्याने चित्रातच पाहिलेलं. प्रत्येक चढाला मला विचारायचा, वर जायला लिफ्ट आहे का? पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला, दुसऱ्या दिवशी मी दुर्लक्ष केलं, आणि तिसऱ्या दिवशी चढ आला की मी वाट बघायला लागले, अजून कसा विचारत नाही म्हणून. त्या दोघांचं धंद्यात काय बिनसलं होतं ते आता पोलीस खणून काढतायत. मला त्यातलं काही दिसलं नाही. एकाच थर्मासातून चहा प्यायचे.

त्या सकाळी आम्ही घळीच्या वरच्या कड्यावर पालथे पडलो होतो. डावीकडच्या उतारावर म्हातारा रानबोकड होता, ज्याला आपण गेल्या हंगामात सोडून दिलं होतं तोच, एक शिंग मोडलेला. माझ्या उजव्या हातात दुर्बीण, डावा हात वर. भागीदार पोट बिघडलं म्हणून उजवीकडे घळीत उतरला होता. त्याने नारिंगी जाकीट घातलं होतं. त्याची चेन त्याला लावता येत नव्हती म्हणून सकाळी मीच लावून दिली होती, लहान मुलाला लावतात तशी. माझा डोळा बोकडावर होता. बाजूच्या बंदुकीची नळी दगडावर घासल्याचा आवाज आला आणि मी दुर्बिणीतून डोळा काढेपर्यंत गोळी सुटली होती. उजवीकडे. तिकडे जनावर नव्हतं दादा. तिकडे नारिंगी जाकीट होतं, आणि माझा हात तेव्हाही वरच होता, कारण तो खाली घ्यायचा असतो हेच मला मग कितीतरी वेळ सुचलं नाही.

पाहुण्याने ओरडाआरडा केला नाही. रिकामं काडतूस उचलून खिशात टाकलं, रुमालाने मान पुसली आणि मला अगदी हळू आवाजात म्हणाला की अशा वेळी माणूस गोंधळतो, पण बाई, तुमचा हात खाली आला होता. मी म्हटलं, नाही. आम्ही दोघांनी त्या गृहस्थाला ताडपत्रीत घालून मुक्कामावर आणलं, त्यात दुपार कलली. वाटेत पाहुण्याने तेच पुन्हा विचारलं, मुक्कामावर पोचल्यावर पुन्हा विचारलं, आणि दर वेळी त्याचा आवाज जास्त गोड होत गेला. हो म्हणून वेळ मारून नेता आली असती हे मला आता कळतं. पण माझं तोंड तुला माहीत आहे. डोकं विचार करेपर्यंत तोंड नाही म्हणून मोकळं झालेलं असतं.

घळीतून अंधारात गाडी काढता येत नाही, तेव्हा सकाळी निघायचं ठरलं. सूर्य बुडताना त्याने आपला तो मोठा फोन, उपग्रहावरून चालणारा, गाडीत चार्ज करायचा म्हणून किल्ली मागितली. दिली. परत मागितली तर म्हणाला, सकाळी देतो. मग पाण्याचा मोठा कॅन उचलून आपल्या तंबूत घेऊन गेला, म्हणाला, मला रात्री फार तहान लागते. मी चुलीशी भांडी घासत बसले होते. घासता घासता हात थांबले. किल्ली त्याच्या खिशात, पाणी त्याच्या तंबूत, बंदूक त्याच्या उशाशी, आणि नाही म्हणणारी मी एकटी. मी बूट न काढता आडवी झाले आणि उजाडायच्या जरा आधी एक बाटली घेऊन, काठी घेऊन, मागच्या बाजूने चालू पडले.

आता तू म्हणशील, रस्त्याच्या दिशेने का नाही गेलीस? कारण तोही मला रस्त्याच्या दिशेनेच शोधणार होता, आणि सपाटीवर गाडीपुढे माणूस म्हणजे ताटातला घास. मी खिंडीकडे वळले. खिंडीत आपलं पुरून ठेवलेलं पाणी होतं. उन्हं वर आली तशी मागे गाडी ऐकू यायला लागली. गाडी चालू असेपर्यंत मी चालत होते. ती थांबली की मी दगडाआड पडायचे, कारण गाडी थांबली म्हणजे तो दुर्बीण लावून बसलाय. एकदा मला उशीर झाला. माझ्या पुढचा दगड फुटला, आवाज मागाहून आला. त्याची कपची गालाला लागली, तो व्रण अजून आहे. त्यानंतर मी वाळूच्या ओढ्यातून गुडघ्यांवर गेले. ज्या वाटेने आयुष्यभर ताठ मानेने पाहुण्यांना नेलं त्या वाटेने रांगताना मला भीतीपेक्षा अपमान जास्त वाटला, हे ऐकून तू हसशील.

बाबा आपल्याला पाणी पुरायला शिकवायचे तो दिवस मला त्या ओढ्यात सारखा आठवत होता. तू खड्डा खणायचास आणि मी कॅनला ओलं पोतं गुंडाळायचे, आणि पोतं सैल बसलं म्हणून तू मला बुटकी, बुटकी करून चिडवायचास. दुपारनंतर जिथे सावली येते त्या बाजूला पुरायचं. खूण म्हणजे उन्हाने काळा पडलेला एक दगड उलटा ठेवायचा, पांढरं पोट वर. ज्याला माहीत नाही त्याला तो हजार दगडांतला एक दगड. आणि बाबांनी आपल्या दोघांना शपथ घातली होती की हे घरातल्या तिसऱ्या माणसालाही सांगायचं नाही. पाणी माहीत असलेला माणूस वाळवंटात वाटाड्याचा मालक होतो, असं ते म्हणायचे. तू वहिनीला सांगितलं नाहीस. माझा नवरा होता तोवर मीही त्याला सांगितलं नाही, आणि तो रुसायचा. म्हणायचा, तुझ्या आणि तुझ्या भावाच्या मध्ये काहीतरी आहे जे मला ठाऊक नाही. तर होतं ते एवढंच, दोन जागी पुरलेलं पाणी.

मी खिंडीच्या वरच्या बाजूने उतरले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. बाटली केव्हाच संपली होती, जीभ टाळूला चिकटली होती, आणि मी मनात म्हणत होते की पोचलं की आधी नुसतं तोंड ओलं करायचं, हावरटपणा करायचा नाही. खाली बघितलं तर आपल्या मुक्कामातली घडीची खुर्ची उलट्या दगडाशेजारी मांडलेली. तो तिच्यावर बसला होता. खड्डा खणलेला, पोतं एका बाजूला फेकलेलं, कॅन मांडीवर, बंदूक कॅनवर. माझ्या मागावरून तो आलेला नव्हता. मी तर वरच्या बाजूने आले होते. तो गाडीने सरळ खालून आला होता, माझ्या आधी, बोलावल्यासारखा. त्याला वाटलं असावं की मी जवळपास पोचले असेन. त्याने दगडांकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली की बाई, भिऊ नका, या, तुमच्या दादानेच सांगितलंय.

मी पडले होते तिथेच पडून राहिले. तहान, ऊन, गोळी, सगळं एकदम लांब गेलं. दादा हा शब्द मी त्याच्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता. ऑफिसात सगळे तुला साहेब म्हणतात, मीसुद्धा पाहुण्यांसमोर साहेबच म्हणते. मी दगडावर कपाळ टेकलं. रडायला डोळ्यांत पाणी नव्हतं म्हणून नुसता घशातून आवाज आला आणि तो त्याला ऐकू जाईल म्हणून मी मनगट चावलं. थोड्या वेळाने तो उठला, गाडीतला रिकामा कॅन भरून घेतला आणि उरलेलं पाणी वाळूवर ओतलं. सावकाश ओतलं. मला दिसावं म्हणूनच असणार. मग गाडीत बसून तो उत्तरेकडे पांढरीच्या, त्या सुकलेल्या तळ्याच्या, दिशेने निघाला, आणि मला कळलं की तू त्याला दुसरी जागाही सांगितलीयस.

इथे आता तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. पांढरीतलं पाणी त्या जागी नव्हतंच. मागच्या पुरात त्या सुकलेल्या तळ्याची माती खालून मऊ झाली होती. वरून कोरडी पांढरी खपली, आत गाळ. मी काठी रोवून पाहिली तर अर्धी आत गेली. म्हणून मी कॅन काढून काठच्या टेकडीच्या पायथ्याशी पुरला, तसाच उलटा दगड ठेवून. परत आल्यावर तुला सांगणार होते, पण आले तेव्हा तू गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला होतास, मग मी ऑफिस बघत बसले आणि ते मनातून साफ गेलं. म्हणजे तू त्याला सांगितलीस ती जुनी जागा.

मी सावली बघत, बसत, उठत, पडत त्या टेकडीशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वरून बघितलं, तर पांढरीच्या मधोमध आपली गाडी दारापर्यंत रुतलेली आणि पाहुणा जेवणाच्या ताटलीने चाकापुढचा गाळ उपसतोय. मी पाणी खणून काढलं. घोटभर प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. मग आलं डोळ्यांत पाणी. त्याने मला बघितलं आणि दोन गोळ्या झाडल्या, दोन्ही कुठल्या कुठे गेल्या. मी टेकडीच्या पलीकडे जाऊन झोपले. खरंच झोपले, बाळ झोपतं तशी.

सकाळी तो गाडीच्या सावलीत पाय पसरून बसला होता. जवळचं पाणी त्याने गाळ उपसता उपसता पिऊन आणि तापलेल्या इंजिनात ओतून कालच संपवलं असावं. माझ्याकडे कॅन होता, काठी होती आणि रस्ता एका दिवसाच्या चालीवर होता. आता हा तो सगळ्यांचा प्रश्न. तुला खरं उत्तर देते, कारण तू तो विचारलेला नाहीस. मी निघाले होते. मागे न बघता बरीच पुढे गेले होते. दया आली म्हणून परत फिरले असं नाही, माझ्या मनात त्याच्यासाठी दयेचा थेंब नव्हता. पहिल्यांदा डोक्यात आलं ते हे, की दोन पाहुणे घेऊन गेलेली बाई एकटी परत आली तर तिचा हात वर होता की खाली हे कोण ऐकून घेणार? मग आठवलं, बाबा म्हणायचे, नेलेला माणूस परत आणायचा, मग शिव्या घालायच्या. आणि त्याहून खरं सांगू? मला आणखी एक प्रेत डोक्यात घेऊन घरी यायचं नव्हतं. एकाचंच ओझं पुष्कळ झालं होतं.

मी टेकडीवरून ओरडून सांगितलं की बंदूक गाळात टाक, खोल टाक. त्याने टाकली. फोन आदल्या दिवशी उन्हात तापून बंद पडला होता म्हणे, तोही त्याने मी खाली पोचायच्या आत गाळात दाबला. तो का, ते मला तेव्हा कळलं नाही. त्याला पुढे घालून मी मागून चालले. दर थांब्याला झाकणभर पाणी, त्यालाही आणि मलाही तेवढंच. अर्ध्या वाटेत तो रडायला लागला, मला ताई म्हणायला लागला, माझी मुलं, माझं घर, करत राहिला. दिवस मावळता रस्त्यावर मिठाचा ट्रक दिसला. दादा, तो ट्रक थांबेपर्यंत या माणसाने शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला, आणि मी तोंड उघडायच्या आत ड्रायव्हरला सांगितलं की या बाईंनी चुकून इशारा दिला, माझा मित्र गेला, आणि धसक्याने यांचं डोकं फिरलंय. ड्रायव्हरने मला पाणी दिलं ते जरा लांबूनच.

पाहुणा आता बरा आहे. कोर्टात चांगले कपडे घालून येईल. त्याच्याजवळ फोन नव्हताच असं तो म्हणतो. गाळात कोण शोधणार? फोन कंपनीकडून माहिती यायला महिने लागतील, आणि आली तरी फोन लागला एवढंच कळेल, बोलणं काय झालं ते कळणार नाही. पोलिसांनी तुला विचारलं होतं. तुझा जबाब वकीलबाईंनी मला काल वाचून दाखवला. ऑफिसात कुठलाही फोन आला नाही, असं तू सांगितलंयस. मी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्या गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले.

तर आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. फोन आला होता दादा. तुझ्याशिवाय ती जागा सांगणारं जगात कोणी नाही. पहिला आठवडा मी तुझ्यावर एवढी चिडले होते की वहिनीचा डबा तसाच परत पाठवायचे. मग पडल्या पडल्या विचार केला. मी हरवलेय असं त्याने सांगितलं असतं तर तू जागा सांगून थांबला नसतास, हातातलं टाकून स्वतः गाडी घेऊन निघाला असतास. कोणी मेलंय असं सांगितलं असतं तर पोलिसांना घेऊन आला असतास. तू ऑफिसातून हललास तो ट्रकवाल्याचा निरोप आल्यावर. म्हणजे त्याने तुला सगळं ठीक आहे असं सांगितलं. आम्ही तिघं मजेत आहोत, पाणी जरा कमी पडलंय, बाईंनीच विचारायला सांगितलंय, असंच काहीतरी. नाहीतर बाबांची शपथ तू मोडणं शक्य नाही. तूच म्हणाला असशील, की तिला सांगा दादाने सांगितलंय, म्हणजे ती चिडणार नाही. फक्त बहिणीकडे फोन द्या, एवढं म्हणायचं तू विसरलास, आणि तेच तुला खातंय, म्हणून तू इथे येत नाहीस. त्याचा वकील ऑफिसात येऊन परवान्याची भीती घालून गेला, तेही वहिनीच्या तोंडून निसटलं. जाऊ दे परवाना. आपण दोघं मिळून दुसरं काहीतरी करू. पण हे बघ, त्याने फोन केला तेव्हा भागीदाराला ताडपत्रीत जाऊन एक दिवस झाला होता. मेलेल्या माणसाला त्याने तुझ्याशी बोलताना जिवंत म्हटलं. चुकून गोळी लागली असती तर असं खोटं कोण बोलतं? ते वाक्य त्या माणसाकडे आहे आणि तुझ्याकडे, तिसरीकडे कुठेही नाही. मला तुझी माफी नको. दवाखान्यात येऊ नकोस, मला भेटायचं धाडस होत नसेल तर कोर्टातही माझ्याकडे बघू नकोस. सोमवारी सकाळी कोर्टात ये, उभा राहा आणि फोनवर तो जे बोलला ते जसंच्या तसं सांग.

तुझीच,
बुटकी